स्पर्धा परीक्षेचे स्थूल अर्थशास्त्र : ही नोंद नेमकी कोणाच्या हिशेबातली?

अभ्यासिका दादर (धागाकर्ता)

राज्यसेवा, संयुक्त पूर्व परीक्षा आणि बँकांच्या अधिकारी भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या सराव उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट सतत जाणवते. स्थूल अर्थशास्त्राची सूत्रे बहुतेकांना पाठ असतात, पण एखादी रक्कम त्या सूत्रात घ्यायची की वगळायची, हे ठरवताना घोटाळा होतो. म्हणून या धाग्यात सूत्रांची यादी देत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की या विषयातील जवळजवळ प्रत्येक संकल्पना ही हिशेबाची नोंद असते, आणि ती नोंद कोणाची, किती काळाची व कोणत्या किमतीने केलेली आहे, हे आधी ठरवले तर पर्यायांपैकी निम्मे आपोआप गळून पडतात.

काळापासून सुरुवात करू. काही राशी एका विशिष्ट दिवशी मोजल्या जातात, त्यांना साठा म्हणतात. काही ठरावीक कालावधीत मोजल्या जातात, त्यांना प्रवाह म्हणतात. देशातील पैशाचा पुरवठा, परकीय चलनाची गंगाजळी, सरकारवरील एकूण कर्ज आणि देशाचे भांडवल हे साठे आहेत. राष्ट्रीय उत्पन्न, गुंतवणूक, राजकोषीय तूट (सरकारला वर्षभरात घ्यावी लागलेली उसनवारी), निर्यात आणि चालू खात्यावरील तूट हे प्रवाह आहेत. मुंबई महापालिकेच्या बँकांमधील मुदत ठेवी हा साठा आहे आणि तिचा वार्षिक अर्थसंकल्प हा प्रवाह आहे. वर्तमानपत्रांतील चर्चेत या दोन आकड्यांची थेट तुलना होते, तेव्हा वाचकाने सावध व्हायला हवे. ‘तूट कमी झाली म्हणजे कर्ज कमी झाले’ हे विधान परीक्षेत वेगवेगळ्या शब्दांत येते आणि ते चूक आहे. तूट कमी झाली तरी ती शून्याच्या वर आहे तोवर कर्जात भरच पडत असते. फक्त भर पडण्याचा वेग मंदावतो.

आता स्थूल देशांतर्गत उत्पादन, म्हणजे जीडीपी. देशाच्या सीमेत एका वर्षात निर्माण झालेल्या अंतिम वस्तू व सेवांचे बाजारमूल्य, ही व्याख्या सर्वांना येते. तिच्यातील प्रत्येक शब्द काहीतरी वगळण्यासाठी ठेवलेला आहे, याकडे मात्र लक्ष जात नाही. मुलुंडमधील वीस वर्षे जुना फ्लॅट कोणी विकत घेतला, तर त्याची किंमत यंदाच्या जीडीपीत येत नाही, कारण ते बांधकाम ज्या वर्षी झाले त्या वर्षी मोजून झाले आहे. पण त्या व्यवहारातील दलालाची दलाली यंदाच्या जीडीपीत येते, कारण ती सेवा यंदा दिली गेली. दलाल स्ट्रीटवरील शेअर्सच्या खरेदी-विक्रीलाही हाच नियम लागू होतो : शेअरची किंमत बाहेर, दलाली आत. बेकरीतून घरी आणलेला पाव अंतिम वस्तू ठरतो, तर वडापावच्या गाडीसाठी घेतलेला तोच पाव मध्यवर्ती वस्तू ठरतो, कारण त्याचे मूल्य वडापावच्या किमतीत समाविष्ट असते. वस्तू कोणती यापेक्षा ती कोणी व कशासाठी घेतली, यावर उत्तर अवलंबून असते.

येथेच ‘गुंतवणूक’ या शब्दाचाही गोंधळ होतो. घरात आपण शेअर, सोने किंवा विमा पॉलिसी घेणे यालाही गुंतवणूक म्हणतो. स्थूल अर्थशास्त्रात यंत्रसामग्री, बांधकाम आणि मालाच्या साठ्यातील वाढ यांनाच गुंतवणूक म्हणतात. त्यामुळे नवे घर विकत घेणे हा कुटुंबाचा खर्च असला तरी तो उपभोगात न धरता गुंतवणुकीत धरतात. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्यांचे मानीव भाडे राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जाते. गृहिणीने घरच्यांसाठी केलेला स्वयंपाक मोजला जात नाही, आणि तीच पोळी-भाजी केंद्र चालवू लागली की मात्र तिचे मूल्यवर्धन, म्हणजे विक्रीच्या किमतीतून मध्यवर्ती वस्तूंची किंमत वजा जाता उरणारे मूल्य, मोजले जाते. ही मोजणीची मर्यादा आहे, तिच्या श्रमाचे मोल नव्हे. मुलाखतीत हा मुद्दा निघाला तर तो ठामपणे मांडावा.

२०१५ च्या जानेवारीत २०११-१२ हे आधारभूत वर्ष धरून नवी मालिका आली, तेव्हा घटक किमतीनुसार, म्हणजे जमीन, श्रम व भांडवल यांना मिळालेल्या मोबदल्याच्या हिशेबाने, जीडीपी ठळकपणे देण्याची पद्धत बंद झाली. त्याऐवजी क्षेत्रवार आकडे मूलभूत किमतीनुसार स्थूल मूल्यवर्धनाच्या रूपात येऊ लागले आणि जीडीपी बाजारभावाने येऊ लागला. मूल्यवर्धनात उत्पादितांवरील कर मिळवून उत्पादितांवरील अनुदाने वजा केली की बाजारभावाचा जीडीपी मिळतो. मूल्यवर्धन १५०, कर २० आणि अनुदाने ५ असतील, तर जीडीपी १६५. घटक किमतीकडून मूलभूत किमतीकडे येताना मात्र उत्पादन प्रक्रियेवरील कर व अनुदाने विचारात घ्यावी लागतात. विकलेल्या नगांशी ज्यांचा संबंध नसतो, असे हे कर : जमीन महसूल, मुद्रांक व नोंदणी शुल्क, आणि आपल्या पगारातून दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर. हा कर महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने आला आणि त्याचा उद्देश रोजगार हमी योजनेसाठी निधी उभारणे हा होता. वस्तू व सेवा कर आणि सीमाशुल्क हे मात्र उत्पादितांवरील कर आहेत.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या इतिहासावर एक प्रश्न हमखास असतो. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन केलेल्या दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ सालासाठी दरडोई उत्पन्न २० रुपये असल्याचा अंदाज मांडला. त्यांनी प्रामुख्याने वस्तूंचे उत्पादन मोजले, सेवा मोजल्या नाहीत. पुढे डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९३१-३२ साठी अधिक शास्त्रीय पद्धत वापरली. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस होते, आणि सदस्य होते राव व पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. दादाभाईंचा आकडा केवळ पाठांतरापुरता ठेवू नका. देशाची गरिबी ही भावना नसून मोजता येणारी वस्तुस्थिती आहे, हे त्यांनी त्या आकड्याने राज्यकर्त्यांसमोर सिद्ध केले.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.

विरार लोकल

सर, धाग्याबद्दल मनापासून आभार. माझा प्रश्न परदेशातून येणाऱ्या पैशाबद्दल आहे. आमच्या इमारतीतील एक जण दुबईत नोकरी करतो आणि दरमहा घरी पैसे पाठवतो. जीडीपीमध्ये परदेशातून मिळणारे निव्वळ घटक उत्पन्न मिळवले की जीएनपी, म्हणजे स्थूल राष्ट्रीय उत्पादन, येतो, असे सर्वत्र दिलेले असते. परदेशस्थ भारतीयांकडून जगात सर्वाधिक पैसा भारतात येतो, हेही वाचले आहे. मग भारताचा जीएनपी जीडीपीपेक्षा जास्त असायला हवा. प्रत्यक्षात तो कमी असतो असे उत्तरतालिकेत दिले होते. हे कसे?

अभ्यासिका दादर (धागाकर्ता)

आपण विचारलेला प्रश्न या संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नांपैकी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

या हिशेबात नागरिकत्व पाहिले जात नाही, निवास पाहिला जातो. साधारणपणे एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ ज्या देशात माणसाचा आर्थिक व्यवहार केंद्रित असतो, त्या देशाचा तो निवासी. आपले शेजारी दुबईत वर्षानुवर्षे नोकरी करतात, म्हणून भारतीय पारपत्र असूनही हिशेबाच्या दृष्टीने ते तिकडचे निवासी आहेत. त्यांचा पगार तिकडच्या अर्थव्यवस्थेचे उत्पन्न आहे. त्यांनी घरी पाठवलेली रक्कम ही एका निवासीने दुसऱ्या देशातील निवासीला दिलेली एकतर्फी रक्कम, म्हणजे हस्तांतरण ठरते. व्यवहारतोलात, म्हणजे देशाच्या परदेशांशी झालेल्या सर्व व्यवहारांच्या हिशेबात, ती चालू खात्यावर दुय्यम उत्पन्नात नोंदवली जाते. ती घटक उत्पन्न नाही, म्हणून जीएनपीच्या सूत्रात येत नाही.

त्या सूत्रात येतात ते परदेशी गुंतवणूकदारांनी भारतात मिळवलेले नफे, लाभांश आणि आपण परकीय कर्जावर दिलेले व्याज. हे बाहेर जाणारे उत्पन्न आपल्याला बाहेरून मिळणाऱ्या घटक उत्पन्नापेक्षा जास्त आहे, म्हणून निव्वळ आकडा ऋण येतो आणि जीएनपी जीडीपीपेक्षा कमी राहतो.

आता याच्या शेजारी बोटीवर नोकरी करणारा कोकणातील किंवा मुंबईतील खलाशी ठेवून पाहा. तो परदेशी कंपनीच्या जहाजावर अनेक महिने समुद्रात असतो, पण जहाजाच्या कर्मचाऱ्यांना त्यांच्या मायदेशाचेच निवासी मानावे, असा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या व्यवहारतोल पुस्तिकेचा नियम आहे. म्हणून त्याचा पगार हा भारतातील निवासीला परदेशातून मिळालेला मोबदला, म्हणजे प्राथमिक उत्पन्न ठरतो आणि तो घटक उत्पन्नात येतो. दोघेही परदेशी मालकाकडे काम करतात आणि दोघांचाही पैसा मुंबईतल्या घरी येतो, तरी नोंद वेगळ्या ठिकाणी होते.

तिसरा प्रकार अनिवासी भारतीयांच्या बँक ठेवींचा. तुमच्या शेजाऱ्यांनी घरखर्चाला पैसे न पाठवता भारतातील बँकेत अनिवासी ठेव ठेवली, तर ती आपल्यावरील देणे आहे, म्हणून भांडवली खात्यावर येते. तिच्यावर आपण देतो ते व्याज मात्र चालू खात्यावर प्राथमिक उत्पन्नात खर्च म्हणून दिसते. पुढे त्यांनी त्या रुपयातील ठेवीतून येथेच पैसे काढून कुटुंबाला दिले, तर ते देणे संपते आणि रिझर्व्ह बँक ती रक्कम खासगी हस्तांतरण म्हणून नोंदवते. एवढे समजले की व्यवहारतोलावरील प्रश्न अवघड राहत नाहीत.

चाकरमानी

महागाईबद्दल विचारायचे आहे. मी डोंबिवलीत भाड्याने राहतो. दर नूतनीकरणाला भाडे वाढते, मुलांच्या शाळेची फी वाढते, आणि बातम्यांत महागाई कमी झाल्याचे सांगतात. हा आकडा नेमका कोणाच्या खर्चाचा असतो? घाऊक आणि ग्राहक असे दोन निर्देशांक का ठेवले आहेत, हेही स्पष्ट करावे.

आकडेमोड

मी सांख्यिकी विषय शिकवते, म्हणून धागाकर्त्यांच्या परवानगीने याचे उत्तर देते.

पहिली गोष्ट, महागाई कमी होणे म्हणजे किंमती कमी होणे नव्हे. निर्देशांक पहिल्या वर्षी १००, दुसऱ्या वर्षी ११० आणि तिसऱ्या वर्षी ११५ असेल, तर महागाईचा दर १० टक्क्यांवरून सुमारे साडेचार टक्क्यांवर आला. तरीही वस्तू पूर्वीपेक्षा महागच झाल्या आहेत. किंमतपातळीच घसरली, म्हणजे दर शून्याच्या खाली गेला, तरच त्याला चलनघट म्हणता येईल.

दुसरी गोष्ट भारांकनाची, म्हणजे निर्देशांकात कोणत्या खर्चाला किती वजन द्यायचे याची. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ या आधारभूत वर्षाच्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेयांचा भार ४५.८६ टक्के होता, तर घरांचा भार १०.०७ टक्के. घरांचा हा भार केवळ शहरी निर्देशांकातून येत होता आणि तिथे तो २१.६७ टक्के होता. ग्रामीण निर्देशांकात घरभाड्याला स्थानच नव्हते. मुंबई महानगरात ज्याच्या पगाराचा मोठा वाटा भाड्यात जातो, त्याचा अनुभव आणि देशाचा सरासरी आकडा म्हणूनच जुळत नाही. भाजीपाला स्वस्त झाला की देशाचा दर खाली येतो, भाडेकरूचे अंदाजपत्रक मात्र फारसे हलत नाही. आपली तक्रार रास्त आहे आणि निर्देशांकही खोटा नाही. तो सरासरी कुटुंबाचा आहे.

घाऊक किंमत निर्देशांक वाणिज्य व उद्योग मंत्रालयातील आर्थिक सल्लागारांचे कार्यालय काढते. त्यात सेवांचा समावेश नाही. २०११-१२ च्या मालिकेत त्यातील ६४.२३ टक्के भार कारखानदारीतील मालाला आहे, म्हणून कच्चे तेल आणि धातूंच्या जागतिक किमतींचा त्यावर तत्काळ परिणाम होतो. २०१५ मध्ये कच्चे तेल घसरल्यामुळे घाऊक दर शून्याखाली होता आणि त्याच वर्षी ग्राहक दर मात्र धन होता.

जीडीपी अवस्फीतिक (डिफ्लेटर) हा तिसरा मापक आहे. चालू किमतींच्या जीडीपीला स्थिर किमतींच्या जीडीपीने भागून १०० ने गुणले की तो मिळतो. १३२ ला १२० ने भागले तर ११०. त्यात देशात निर्माण झालेल्या सर्व वस्तू व सेवा येतात, पण आयात केलेले पामतेल येत नाही. ते तेल ग्राहकाच्या स्वयंपाकघरात असल्यामुळे ग्राहक निर्देशांकात मात्र येते.

निवृत्त बँकवाली

धागा अत्यंत उपयुक्त चालला आहे. फोर्ट भागातील एका बँकेच्या कोषागार विभागात माझी नोकरी झाली, म्हणून चलनविषयक धोरणावर थोडे लिहिते.

रिझर्व्ह बँकेची स्थापना १ एप्रिल १९३५ रोजी झाली, मध्यवर्ती कार्यालय १९३७ मध्ये कलकत्त्याहून मुंबईत आले आणि राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९४९ रोजी झाले. २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन सहा सदस्यांची चलनविषयक धोरण समिती आली. तीन सदस्य रिझर्व्ह बँकेचे आणि तीन केंद्र सरकारने नेमलेले असतात, समसमान मते पडल्यास गव्हर्नरांचे निर्णायक मत असते. मुले येथे हमखास चुकतात : ४ टक्के अधिक-उणे २ हे महागाईचे लक्ष्य समिती ठरवत नाही. ते केंद्र सरकार रिझर्व्ह बँकेशी सल्लामसलत करून पाच वर्षांसाठी ठरवते, आणि समिती ते गाठण्यासाठी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना अल्पकाळासाठी ज्या दराने कर्ज देते तो दर, ठरवते. सरासरी महागाई सलग तीन तिमाहींत या पट्ट्याबाहेर राहिली, तर रिझर्व्ह बँकेला सरकारला कारणे कळवावी लागतात. २०२२ मध्ये तशी वेळ आली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेण्यात आला.

एप्रिल २०२२ पासून रेपो दराभोवतीच्या दरपट्ट्याचा तळ स्थायी ठेव सुविधेचा आहे, पूर्वी तो रिव्हर्स रेपोचा होता. दोन्हींत बँका आपला जादा पैसा रिझर्व्ह बँकेकडे ठेवतात. फरक असा की स्थायी ठेव सुविधेत रिझर्व्ह बँकेला तारण म्हणून रोखे द्यावे लागत नाहीत. माथ्यावर सीमांत स्थायी सुविधेचा, म्हणजे बँकांनी रिझर्व्ह बँकेकडून तातडीने उसने घेण्याचा, दर असतो. तेथे बँकांना वैधानिक रोखता प्रमाणातील रोख्यांनाही ठरावीक मर्यादेपर्यंत हात लावता येतो. ही दोन्ही प्रमाणे म्हणजे बँकेने ठेवींच्या प्रमाणात राखून ठेवायचा हिस्सा. रोख राखीव प्रमाण रिझर्व्ह बँकेकडे ठेवावे लागते आणि त्यावर व्याज मिळत नाही, तर वैधानिक रोखता प्रमाण बँक स्वतःकडे रोख, सोने व मान्य रोख्यांत ठेवते. पहिल्याचा आधार रिझर्व्ह बँक कायदा, दुसऱ्याचा १९४९ चा बँकिंग नियमन कायदा.

विरार लोकल

मॅडम, रोख राखीव प्रमाण वाढवले तर राखीव पैसा, म्हणजे एम०, वाढतो का? आणि मुदत ठेव मोडली तर पैशाचा पुरवठा वाढतो का? या दोन प्रश्नांवर आमच्या गटात एकमत होत नाही.

निवृत्त बँकवाली

नोंद कोणाच्या हिशेबातली, हा धागाकर्त्यांचा प्रश्न येथेही उपयोगी पडतो. एम० हे रिझर्व्ह बँकेच्या देण्यांचे माप आहे. रोख राखीव प्रमाण वाढवल्याने नवे देणे निर्माण होत नाही. बँकांनी आधीच तेथे ठेवलेल्या रकमेपैकी जास्त हिस्सा अडकून पडतो. म्हणून एम० तेवढाच राहतो आणि गुणक, म्हणजे राखीव पैशाच्या किती पट पैसा उभा राहतो ते प्रमाण, घटतो, त्यामुळे एम३, म्हणजे मुदत ठेवींसह मोजलेला पैशाचा पुरवठा, आटतो. रिझर्व्ह बँकेने खुल्या बाजारात रोखे विकले तर मात्र बँकांच्या खात्यातून पैसे वळते होतात आणि एम० थेट कमी होतो.

मुदत ठेव मोडून ती रक्कम बचत खात्यात घेतली किंवा रोख काढली, तर एम३ बदलत नाही, कारण मुदत ठेव आधीपासूनच त्यात होती. एम१ मात्र वाढतो, कारण त्यात लोकांकडील चलन आणि मागणी ठेवी येतात, मुदत ठेवी येत नाहीत.

चाकरमानी

एक शेवटची शंका. निर्गुंतवणुकीतून, म्हणजे सरकारी कंपन्यांतील हिस्सा विकून, आलेला पैसा भांडवली जमा आहे आणि कर्जही भांडवली जमा आहे. मग राजकोषीय तूट काढताना पहिली वजा करतात आणि दुसरे का नाही?

अभ्यासिका दादर (धागाकर्ता)

भांडवली जमा म्हणजे ज्यामुळे सरकारची मालमत्ता घटते किंवा देणे वाढते अशी जमा. निर्गुंतवणुकीत मालमत्ता घटते आणि परतफेडीचे बंधन राहत नाही. कर्जात देणे वाढते. राजकोषीय तूट ‘सरकारला या वर्षी किती उसने घ्यावे लागले’ एवढेच सांगते, म्हणून उसने घेतलेली रक्कम वजा केली तर उत्तर नेहमी शून्यच येईल.

समजा एकूण खर्च १०० आहे. त्यात महसुली ८० आणि भांडवली २०. महसुली जमा ७०, निर्गुंतवणूक व कर्जवसुली मिळून ५. राजकोषीय तूट २५ झाली आणि महसुली तूट १०. खर्चात जुन्या कर्जावरील व्याज १५ असेल, तर प्राथमिक तूट १०, म्हणजे या वर्षीच्या कारभारापुरती उसनवारी. महसुली खर्चातील ४ हे राज्यांना व इतर संस्थांना भांडवली मत्ता निर्माण करण्यासाठी दिलेले अनुदान असेल, तर प्रभावी महसुली तूट ६ उरते. या उदाहरणात महसुली आणि प्राथमिक तूट दोन्ही १० आल्या आहेत, तो केवळ योगायोग आहे. व्याज २० धरून पुन्हा करून पाहिले की प्राथमिक तूट ५ होईल आणि महसुली तूट जागची हलणार नाही.

आधारभूत वर्षे, भारांकन आणि दर हे बदलत असतात, म्हणून परीक्षेच्या वर्षी जी मालिका चालू असेल तिचे आकडे सांख्यिकी मंत्रालय आणि रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळांवरून घ्यावेत. विरार लोकल, तुमच्या गटाने व्यवहारतोलाचे सोडवलेले प्रश्न येथे टाकल्यास रविवारी तपासून देईन.